हिरकणीवाडी सहल अत्यंत यशस्वी

६ मार्च, सकाळी १०.४०
ज्येष्ठांच्या वाचनालयाच्या दारातला वार्ताफलक पुसलेला आढळला. ओल्या फडक्याने, पार कडेपर्यंत. काल संध्याकाळी मी, संपादक या नात्याने, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "हिरकणीवाडी सहल अत्यंत यशस्वी. सर्वत्र उत्साहाचे वातावरण." त्या जागी आज: "निम्म्या सहलीला जुलाब. कारण काय?"
अक्षर आम्रपालीचं. निवृत्त मुख्याध्यापिका. अजून समोर वर्ग बसलाय असंच लिहिते.
मी बावीस वर्षं एका कम्युनिस्ट सरकारच्या मुंबईतल्या माहिती कार्यालयात भाषांतर केलं. गुळगुळीत कागद, ट्रॅक्टरवर हसणाऱ्या बायका, दर वर्षी विक्रमी गहू. पावासाठी लागलेल्या रांगेचा फोटो आम्ही "ग्रंथालयाबाहेर वाचकांची झुंबड" म्हणून छापायचो. तेव्हा मुस्कटदाबी काय असते हे मला महाडात कुणी शिकवू नये. तिची सुरुवात अशीच होते. फलक पुसण्यापासून.
आम्रपालीचा मजकूर पुसून टाकला.

७ मार्च
अफवांना थारा नको म्हणून अधिकृत कारण दिलं: "किरकोळ पोटदुखी हिरकणीवाडीच्या सोनाबाईंच्या घरगुती जेवणामुळे. सभासदांनी तेथे जेवू नये."
स्वतः चार दिवस अंथरुणात होते, म्हणजे अनुभवाचे बोल. पिठलं मी खाल्लं नव्हतं, तिखट मला चालत नाही. पण वासानेही बाधतं.
माझ्या रशियन सॅलडचा कुणी विषय काढला नाही. काढायचं कारणही नाही. घरची अंडी, घरचं मेयोनीज. गडाच्या रोपवेच्या रांगेत आम्ही तीन तास उन्हात उभे होतो तेव्हा डबा गाडीत मागच्या काचेपाशी सुरक्षित होता. लोकांना कदर नव्हती, म्हणून मीच दोनदा घेतलं.

८ मार्च
सहलीचा ग्रुप फोटो फलकावर लावला. उजवीकडचा भाग कापला. त्यात आम्रपाली होती आणि तिचा बातमीशी संबंध नव्हता. आटोपशीर झाला. फक्त तिचा एक हात राहिला, अध्यक्ष अरविंदरावांच्या खांद्यावर.
संध्याकाळी अरविंदरावांच्या पत्नी शकूताई फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग मला विचारलं, हा पंजा कुणाचा हो? मी म्हटलं, तांत्रिक दोष.

१० मार्च
सोनाबाई स्वतः आली. नाते गावावरून येणारी एस.टी. पकडून, भर उन्हात. म्हणाली, मॅडम, दोन गाड्या येनार व्हत्या जेवायला, दोनी नाय बोलल्या. तुमचा फळा मोबाइलात फिरतोय. माज्या पिटल्यानं आजपावतर कुनाचा प्वाट बिघडला नाय. रोपवेची गर्दी हाय तवरच माजा धंदा, पावसात कोन येतंय गो?
शांतपणे ऐकून घेतलं. सांगितलं, फलक हा संस्थेचा आवाज असतो, त्याला व्यक्तीसाठी वाकवता येत नाही.
ती म्हणाली, मंग तुमच्या डब्यातल्या त्या पांडऱ्या काल्याचा नाव का नाय लिवला? कुत्र्यानंबी नाय तोंड लावला त्याला.
असल्या माणसांशी वाद घालू नये. पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

१३ मार्च
निर्धार. एक: खडू यापुढे माझ्या पर्समध्ये. दोन: फलकावरच्या मजकुराबद्दल तक्रार असल्यास लेखी द्यावी. तीन: तक्रार योग्य आहे की नाही हे संपादक ठरवील.
आम्रपालीने वाचनालयात सगळ्यांसमोर हिशोब मांडला, म्हणाली: ड्रायव्हरने दोन ताटं पिठलं-भाकरी हाणली आणि आपल्याला सुखरूप घरी आणलं. अरविंदराव अंडं खात नाहीत, तेही ठणठणीत. मी सॅलड घेतलं नाही, मीही ठणठणीत. आडवे पडले ते सगळे सॅलडवाले.
मी म्हटलं, आकडे काय, त्या सरकारकडेही भरपूर होते.
विषय तिथेच संपवला.

१६ मार्च
यांचं प्रबोधन केल्याशिवाय गत्यंतर नाही. व्याख्यान देणार: "पोलादी पडद्यामागची बातमी". वीस तारीख मी सुचवली होती. आम्रपाली म्हणाली, मॅडम, त्या दिवशी सगळे चवदार तळ्यावर, मीसुद्धा. ही सूचना मात्र मान्य केली. मी हटवादी नाही.
तेवीस ठरली. सोनाबाई हिरकणीवाडीहून मुद्दाम येणार असं कळलं. जिज्ञासा खेड्यातही असते. आनंद वाटला.

२३ मार्च
खोली खच्चून भरली. व्याख्यान अपूर्व.
मी सांगितलं, त्या राजवटीत पीक बुडालं की बियाणं कुणी सडवलं हे छापत नसत. एखादा गरीब शेतकरी पकडायचा, त्याच्या नावावर सगळं ढकलायचं. हशा झाला. मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर समरस होतील. पुढे सांगितलं, नको असलेला माणूस फोटोतून कापायचे, आणि घाईत कधी एखादा हात राहून जायचा. इथे शकूताईंना ठसकाच लागला. पाणी आणावं लागलं.
पोलादपूरकडचे कोंडाजी कधी बोलत नाहीत. ते उठून म्हणाले, मॅडम, लय लांबचा देस सांगताव, पन आमाला वळखीचा वाटला. याला म्हणतात वक्त्याचं यश.
शेवटी सोनाबाईने विचारलं: मंग त्या गरिबाचा नाव फुडं साफ झाला का?
मी म्हटलं, नाही. कधीच नाही. ज्याच्या हातात छापखाना, तो आपली चूक कबूल करत नाही. ती माणसं बिचारी तशीच बदनाम होऊन मेली.
सोनाबाई उठून आम्रपालीशेजारी जाऊन बसली. इतकं प्रभावी उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल.
टाळ्या मात्र झाल्या नाहीत. भारावले असावेत.

२४ मार्च, सकाळी ९.१५
खडू माझ्या पर्समध्ये असताना फलक लिहिलेला. त्यांनी दुकानातून नवी पेटी आणली. हे कधी मनातही आलं नव्हतं.
मजकूर: "सोनाबाईंच्या जेवणात दोष नव्हता. त्यांची जाहीर माफी. रविवारी सर्वांनी पुन्हा तिथेच जेवायचे. – समिती"
खाली तोच फोटो, न कापलेला, मोठा करून. मध्यभागी मी, हातात सॅलडचा डाव. आम्रपाली त्या डावापासून मागे झुकलेली, आधाराला एक हात अरविंदरावांच्या खांद्यावर. शकूताईंनी तो फोटो दोनदा पाहिला आणि पंधरा दिवसांनी नवऱ्याला पुन्हा चहा दिला म्हणे. मी कापलेल्या भागात, मागे, सोनाबाई पदराने नाक धरून.
मी निषेध नोंदवला. आम्रपाली म्हणाली, लेखी द्या मॅडम, तेही फलकावर लावू. कुणी पुसणार नाही.
हा सरळ अपमान आहे. लेखी देते आहे, कच्चा मजकूर असा:
समितीस. सदर फोटो माझ्या परवानगीविना लावला आहे. त्यातून मला ताबडतोब कापून काढावे, हात आणि डावासकट. कार्यवाही झाल्याचे लेखी उत्तर ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत मिळावे.