अम्मीची छापून आलेली गोष्ट

कामण,
रविवार, १८ मे २०२५

प्रिय अम्मी,
अस्सलामु अलैकुम.

मी बरी आहे. कुराणाचा एकविसावा पारा पाठ झाला. मदरशात पाणी एक दिवसाआड येतं, पण भागतं. तू पाठवलेले आंबे खोलीतल्या सगळ्यांनी खाल्ले.

आम्ही चोरून उर्दू मासिकं वाचतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या खोलीतली मिस्बाह सुट्टीवरून येताना गादीच्या वळकटीत घालून आणते. माझा आवाज चांगला, म्हणून वाचून मी दाखवते.

शुक्रवारी जेवणानंतर एक गोष्ट काढली. विधवा बाई. नवरा आगाशीहून केळी नेताना टेम्पो उलटून गेलेला. दुसऱ्या नवऱ्याची अट, मुलगी नको. मग ती मुलीला मदरशात ठेवते, आणि अजून भावाकडेच आहे असं मुलीला फोनवर सांगत राहते.

टेम्पोपाशी मी अडखळले. मनात म्हटलं, टेम्पो काय, अब्बांचाच नाही, कुणाचेही उलटतात. पुढे होतं : निघताना मुलीने बापाचा स्वेटर कपड्यांच्या तळाशी लपवला. आईने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

अम्मी, मला वाटत होतं तू पाहिलं नाहीस.

मुली रडत होत्या. मिस्बाह म्हणाली, "त्या मुलीला काहीच कसं कळत नाही गं?"

"असतात अशा मुली," मी म्हटलं आणि शेवटपर्यंत वाचलं. लेखिकेचं नाव दुसरंच होतं.

तेवढ्यात वॉर्डन आपा आल्या. मासिक माझ्या हातातच. पण त्या ओरडल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून मला ऑफिसात नेलं आणि फोन पुढे केला. मी मामूंना लावला.

"अम्मीला द्या."

"बाजारात गेलीय."

"मामू, तिने लग्न केलंय का?"

आवाज खाली आणून म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

तेव्हापासून पाठ असलेलंही अडकतंय.

लग्नाचा राग नाही गं. कुठल्या कुठल्या अनोळखी बायकांना सांगितलंस, आणि मला नाही.

पत्र मामूंच्या पत्त्यावर पाठवतेय, ते पोचवतील. मुद्दाम मराठीत लिहिलंय. तुझ्या नवऱ्याला मराठी येत नाही, असं गोष्टीत आहे. म्हणजे पत्र कुणाचं, ते तुलाच सांगावं लागेल.

बकरी ईदला मी सोपाऱ्याला मामूंकडे येणार. तूही ये. पण मुलीला भेटायला चाललेय, असं घरात सांगून ये. नाहीतर येऊ नकोस.

तुझी मुलगी,
सुफिया