फ्लेक्सवर लागलेली नोकरी

अमीरपेट, हैदराबाद
मंगळवार

तीर्थरूप मावय्या,

तुमच्या आणि अत्ता-मामींच्या पायांवर डोकं ठेवून भाची हैमवती लिहिते की मी इथं खुशाल आहे. (हॉस्टेलचं सांबार सोडलं तर. त्यात डाळ शोधायची म्हणजे गोदावरीत अंगठी शोधायची.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं तेल लावता, की बाटली देवापाशी ठेवून नुसता नमस्कार करता? अत्तांच्या बीपीचं काय? आवकाया लोणच्याची बरणी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, म्हणजे त्या शिडी घेऊन चढतील आणि तेवढाच व्यायाम होईल. नारळाला भाव बरा असेल अशी आशा करते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी तोंड उघडलं रे उघडलं की तुम्ही "आलं लक्षात, आलं लक्षात" म्हणता, आणि काही म्हणजे काही लक्षात आलेलं नसतं.

आता मूळ गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून इथं आले तेव्हा मला वाटलं होतं, डिग्री दाखवली की नोकरी. पण अमीरपेटच्या गल्लीत पाऊल टाकलं तर डोक्यावर पाट्याच पाट्या, आभाळ म्हणून दिसेना! पाच पावलं चालले तोवर हातात नऊ पत्रकं. क्लाउडचं सर्टिफिकेट घ्या, सिक्युरिटीचं घ्या, नेटवर्कचं घ्या, तीन घेतलीत तर बॅग फुकट. (बॅग घेतली. चेन आठवड्यात तुटली.) आमच्या क्लासचे सर मोठे तत्त्वज्ञ. कुणी शंका विचारली की म्हणायचे, "अम्मा, शंका परीक्षेत येत नाही, मग तू कशाला आणतेस?" जुने प्रश्न पाठ करायचे, आणि काहीच आठवलं नाही तर सगळ्यांत लांब उत्तरावर खूण करायची, हे त्यांचं शास्त्र. मावय्या, खोटं कशाला सांगू, त्या शास्त्रावर मी एक सोडून तीन सर्टिफिकेटं मिळवली! खोलीतली भार्गवी तर पाचवर गेलीय. तिच्या उशीखाली हात घातला तरी सर्टिफिकेट लागतं. नोकरी तिलाही नाही.

पहिलं मिळालं तेव्हा आनंदाच्या भरात मी त्याचा फोटो तुम्हाला पाठवला. वर त्या मोठ्या अमेरिकन कंपनीचं नाव, खाली माझं नाव, त्याखाली कुणा साहेबाची सही. मी जेवून हात धुते न धुते तोच तुमच्याकडून उलट फोटो आला. रामालयाच्या चौकात, रिक्षा स्टँडवर, दोन मजली उंचीचा फ्लेक्स! आपल्याकडे फ्लेक्स कशालाही लागतो हे मला ठाऊक आहे. मुलगी वयात आली, फ्लेक्स. दुबईहून कुणी परत आलं, फ्लेक्स. कुणाच्या बैलानं शर्यत जिंकली तर बैलासकट मालकाचा फ्लेक्स. पण मावय्या, परीक्षा पास झाले म्हणून "अमेरिकन कंपनीत रुजू झालेल्या आमच्या हैमाचे हार्दिक अभिनंदन"? आणि फोटो तरी कुठला, तर कझिनच्या लग्नातला, ज्यात मी अर्धी झोपेत आहे! फ्लेक्सवाल्या नूकराजूनं मला इतकं गोरं केलंय की अम्मानं फोनवर विचारलं, ही कोण? मागं विमान, पृथ्वीचा गोल, भोवतीनं सगळे नातेवाईक गोलगोल चकत्यांमध्ये, आणि सर्वांत मोठी चकती काळा गॉगल घातलेल्या तुमची.

मी तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं? "मावय्या, ही नुसती परीक्षा, नोकरी नव्हे." तुम्ही म्हणालात, "हो हो, तू असंच म्हणत राहा. दृष्ट लागायला नको." मी म्हटलं, अहो खरंच नाहीये. तुम्ही अत्तांना ओरडून सांगितलंत, "पोरगी किती शहाणी झालीय बघ, लपवतेय!" आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या बांबूला काळा टिक्का लावलेला कोहळा टांगलात. मी जितकं नाही म्हणावं तितकी माझी नोकरी पक्की होत गेली. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा तर तुम्ही मला बढतीच दिलीत.

चिडले होते मी, खरं सांगते. पण रात्री पांघरुणात तोच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते. आपल्या घरात आजवर कुणाचं तोंड आधार कार्डापलीकडे कुठं छापून आलं नव्हतं. मला रडू आलं, मावय्या. म्हटलं, आता ही नोकरी खरी करायचीच.

मग सुरू झाल्या मुलाखती. सर्टिफिकेटांचा उपयोग होत नाही असं नाही हं! आधी अर्ज पाठवले की विहिरीत दगड टाकल्यासारखं व्हायचं. सर्टिफिकेटं जोडल्यावर निदान बोलावणं यायला लागलं. पण बोलावलेल्या प्रत्येकाकडे तीच सर्टिफिकेटं, त्याच फायली, आणि ज्याच्या त्याच्या खांद्यावर चेन तुटलेली तीच फुकटची बॅग. पहिल्या ठिकाणी साहेबांनी फाईल मिटून बाजूला सारली आणि विचारलं, "सर्व्हर बंद पडला, आता तू काय करशील?" मी म्हटलं, "सर, पर्याय काय काय आहेत?" ते म्हणाले, "पर्याय नाहीत." मी घाबरून म्हणाले, "मग क." मावय्या, तो माणूस खुर्चीतून उठून बाहेर गेला आणि भिंतीला टेकून हसला. मला काचेतून दिसत होतं.

गेल्या आठवड्यात माधापूरच्या एका कंपनीत गेले. जागा हेल्पडेस्कची, म्हणजे लोकांचे कॉम्प्युटर अडले की फोनवर सोडवून द्यायचे. समोर अनसूया मॅडम, वरंगलच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. म्हणाल्या, "मी चिडलेली गिऱ्हाईक. माझा प्रिंटर चालत नाही आणि तुमची कंपनी भिकार आहे. बोल." माझं पाठ केलेलं सगळं उडालं. डोळ्यांपुढं एकदम तुम्ही आलात, टीव्ही बंद पडल्यावर फोनवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे! मग मी तुमच्याशी बोलते तशीच बोलत सुटले. आधी विचारलं, जेवलात का. मग म्हटलं, चूक तुमची नाहीच, मशीनच नालायक. वायर लावलीय का, असं विचारलं तर तुम्हाला अपमान वाटतो, म्हणून म्हटलं, "वायरीत धूळ बसते, जरा काढून फुंकर मारून परत लावता का?" मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हे कुठल्या क्लासात शिकलीस?" मी म्हटलं, माझ्या मावय्यांच्या. त्या हसून म्हणाल्या, "त्यांचं सर्टिफिकेट का नाही जोडलंस?"

असो. पत्र फार लांबलं. अत्तांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमची लाडकी,
हैमा

ता. क. : लागली! मावय्या, नोकरी लागली! पंधरा तारखेला हजर व्हायचंय. भार्गवीनं मला उचलून फिरवलं आणि आम्ही दोघी कॉटवर आपटलो. कॉट मोडली.

आणखी एक : खरं काम पुढंच आहे. पुढच्या शुक्रवारी कंपनीचा माणूस पत्ता तपासायला गावी येतोय. चौकशी करतात, पोरीनं काही लपवलंय का म्हणून. मी लिहून दिलंय की अजून कुठंही नोकरी केलेली नाही. आणि तो बसमधून उतरणार रामालयाच्या चौकात! तेव्हा पाया पडते, फ्लेक्स काढा. कोहळाही काढा. हार घेऊन त्याच्यासमोर जाऊ नका. "आमची पोरगी आधीच अमेरिकन कंपनीत आहे, पण तुमचाही विचार करू" असं तर चुकूनही म्हणू नका.

अजून एक : भार्गवी म्हणते, फ्लेक्स नुसता काढलात तर गाव म्हणेल पोरीला कामावरून काढलं. त्यापेक्षा त्याच्यावर दुसरा लावा. कुणाचाही वाढदिवस चालेल. कुणाचा नसला तर तुमचा.

शेवटचं : हे पत्र तुम्ही नारळाच्या वखारीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तेव्हा ऐकणाऱ्या समस्त मंडळींना हात जोडून विनंती, शुक्रवारी कुणी अनोळखी माणसानं विचारलं तर एवढंच सांगा : पोरगी हुशार आहे, आणि अजून कुठंही कामाला नाही. यातलं दुसरं तरी अगदी खरं आहे.