कॉर्डेलियातलं बाराचं कारंजं

४ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचे. गावाच्या वेशीवर पाटी आहे: ‘कॉर्डेलिया, टेक्सस. इथे पैसा जमिनीतून उडायचा.’ लायल म्हणाला, आता उडतोय तो नुसता धुरळा. मी गाडी चालवता चालवता त्याच्याकडे बघतच राहिले. माझ्या नवऱ्याने चक्क विनोद केला होता. कारखाना बंद पडून त्याची पाइप जोडायची नोकरी गेली तेव्हापासून हा माणूस सोफ्याला चिकटलेला. हसणं सोडाच, धड भांडतसुद्धा नव्हता. मी एकटीने भांडून भांडून थकले.

आता मी तेल संग्रहालयाची व्यवस्थापक आहे, आणि लायल मैदानावरच्या खेळातला ‘तेलवाला’. राहायला संग्रहालयामागचं छोटं घर. समोरच्या कॅफेच्या मिस हेस्टर पीच भरून भाजलेला गोड ‘पाय’ घेऊन आल्या. सत्तरी उलटली असेल, पण जीभ तिखट. म्हणाल्या, पोरी, तुझ्या आधीची व्यवस्थापक एका हिवाळ्यात पळाली, तू उन्हाळा तरी बघ. मला बाई आवडली.

६ मार्च, गुरुवार

गावात बघण्यासारखं काय काय आहे ते आज फिरून पाहिलं. जुन्या बँकेची तिजोरी आहे, तिच्यात पोरांना कोंडून आईबाप फोटो काढतात. खेचरांची गाडी आहे. आणि तो प्रसिद्ध फोटो, पहिली विहीर फुटली त्या दिवशीचा: काळ्याकुट्ट पावसात नाचणारे पुरुष, नुसते दात दिसतात. तो आम्ही टी-शर्टवर छापून विकतो.

पण खरं आकर्षण म्हणजे बाराचं कारंजं. त्याच पहिल्या विहिरीवर नवा लाकडी मनोरा उभा केलाय. बारा वाजता भोंगा होतो, तेलवाला ओरडतो, आली रे आली, आणि मनोऱ्यातून पाणी उडतं. उडतं म्हणजे काय, मनोऱ्याच्या खांबाला पाण्याच्या टाकीवरून आणलेली हिरवी रबरी नळी बांधलीय, तिच्यातून पिचकारी. एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलंय, ‘दोन तारे. माझ्या सासूच्या बागेतही हेच आहे.’ वाचून मी पोट धरून हसले आणि मग मला लाज वाटली.

११ मार्च, मंगळवार

मार्ग सापडला. मनोऱ्याखाली चौकोनी खड्डा आहे, आणि त्यात मूळ विहिरीचा लोखंडी पाइप, आठ इंच रुंद, तोंडावर जाड चौकोनी पत्रा वेल्डिंग करून बंद केलेला. तो पत्रा कापून नळी त्या पाइपाच्या तोंडातून काढली, तर पाणी खऱ्यासारखं मधोमध उडेल. कल्पना माझी. लायल तर लहान पोरासारखा उड्या मारायला लागला. किती दिवसांनी त्याच्या हाताला त्याचं काम मिळालं होतं.

मिस्टर प्रुएट पर्यटन समितीचे अध्यक्ष आहेत, हार्डवेअरचं दुकान चालवतात. ते म्हणाले, झकास, कापा. मिस हेस्टरच्या कानावर गेलं तशी ती कॉफीची किटली घेऊनच बाहेर आली. म्हणाली, पाणी कुठूनही उडवा, पण तो पत्रा राहू दे. का, विचारलं, तर म्हणे आमच्यात तो काढत नाहीत. आमच्यात म्हणजे कुणात, हे काही सांगेना. गावाचं भलं गावालाच बघवत नाही, असं मी लायलला म्हटलं.

पत्रा कापला तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर होते. गॅस बाहेर येईल म्हणून लायलने तोंडाला गॅसचा मास्क लावला होता. बाहेर काही आलं नाही. उलट हवा आत गेली, लांबलचक, आणि लायलची टोपी त्याच्या डोक्यावरून खेचली जाऊन पाइपात नाहीशी झाली. तो म्हणाला, विहिरीला थंडी वाजत असेल. आम्ही दोघं हसलो.

१५ मार्च, शनिवार

शाळांना सुट्ट्या लागल्यात, मैदान फुल्ल. मी सगळ्यांना पिवळे रेनकोट वाटले. भोंगा झाला आणि पाणी सरळ मनोऱ्याच्या टोकापर्यंत गेलं. लोक ओरडले, मीही ओरडले. लायल रेनकोट न घालता मधोमध नाचत होता, फोटोतल्या माणसांसारखा. पाण्याला छान काळपट रंग होता. लबबॉकहून आलेल्या एका आजोबांनी रेनकोट काढून फेकला आणि तेही नाचायला लागले. त्यांची सून कपाळाला हात लावून बसली.

घरी आल्यावर मी लायलला म्हटलं, रंग मिसळायची अक्कल चांगली सुचली. तो म्हणाला, मला वाटलं रंग तूच टाकलास. टाकीच्या तळाचा गंज असेल. त्याच्या कानांच्या पाळ्यांतलं काळं मात्र साबणाने निघेना. आम्ही किती दिवसांनी एकत्र जेवलो, त्याने जेवताना मला चिडवलं, मी प्रुएटसमोर काढते त्या गोड आवाजाची नक्कल केली. कान काळे तर काळे, मी म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

गावचं पाणी दिवसभर बंद होतं, कुठेतरी नळ फुटलाय. मी मैदानाच्या दारावर ‘आज खेळ नाही’ लिहायला गेले, तोवर भोंगा झाला. कारंजं उडालं. नेहमीपेक्षा उंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर टाकीवर चढून पाहिलं. कोरडी ठणठणीत. एक मेलेला पतंग, बाकी काही नाही.

लायलला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, विहीर आहे ती, नादीन, विहिरीला टाकी कशाला लागते. आणि रात्री जेवला नाही. भूक नाही म्हणाला. पट्ट्याला नवं भोक पाडलंय त्याने.

गावातलं कुणी बाराला बाहेर नसतं, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. कॅफेचे पडदेही ओढलेले असतात.

२२ मार्च, शनिवार

लबबॉकचे आजोबा परत आले. एकटेच. मी दार उघडायच्या आधीपासून गाडीत बसून मनोऱ्याकडे बघत होते. हात मिळवला तर त्यांची बोटं माझ्या मुठीत दबली, उकडलेल्या शेंगांसारखी. त्यांना काही वाटलं नाही. फार आनंदात होते.

खेळ संपल्यावर ते कुठे गेले कुणी पाहिलं नाही. गाडी तिथेच आहे, दार उघडं. लायल खड्ड्यात उतरला आणि वर येऊन सांगितलं की त्यांचे बूट आहेत, नीट शेजारी शेजारी ठेवलेले. मी वाकून पाहिलं. दोन्ही बूट काळ्या पाण्याने काठोकाठ भरलेले होते.

शेरीफ आला. प्रुएट त्याला म्हणाले, म्हातारी माणसं अशी कुठेही निघून जातात. माळरानावर कुत्री सोडली. पाइपाकडे कुणी बघितलं नाही. कोण बघेल? आठ इंचाच्या पाइपात माणूस मावत नाही.

२५ मार्च, मंगळवार

चादरीवर लायलच्या आकाराचा डाग उमटतो. रोज धुते. माझी नखं काळी झालीत.

आज त्याची लग्नाची अंगठी मोरीत सापडली. मी ती त्याच्या बोटात घालायला गेले तर बोट अंगठीच्या पलीकडे वाकलं, जिथे सांधा नसतो तिथे. मी किंचाळले. तो मात्र हसत होता. दुखत नाही गं, म्हणाला, कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. मग हळूच सांगितलं, गुपित सांगावं तसं: खाली किती जागा आहे, नादीन. आपण उगाच या खोल्यांत कोंबून राहतो.

मला हाच हसरा नवरा हवा होता, देवा. टाकी कोरडी दिसली त्याच दिवशी मी कारंजं बंद करायला हवं होतं. केलं नाही, कारण तो शिट्टी वाजवत उठत होता.

२६ मार्च, बुधवार

मिस हेस्टरकडे गेले. तिने माझी नखं बघितली, मला आत घेतलं आणि दार लावलं.

फोटोत दुसऱ्या रांगेत तिचा आजोबा आहे. त्या दिवशी जे जे भिजले त्यांतला एकही आपल्या दफनभूमीत नाही, म्हणाली, जाऊन बघ. सगळे आनंदाने खाली गेले. शेवटी बायकांनी लोहार आणून पत्रा बसवला. तिच्या आजीने नवऱ्याला खोलीत कोंडून ठेवला होता. सकाळी खुर्चीत कपडे होते, आणि फळ्यांच्या फटींतून ओल गेली होती, मनोऱ्याच्या दिशेने. जमिनीतून एवढं उपसलं, ती पोकळी भरून मागते, एवढंच आम्हाला कळलं, म्हणाली.

मी ओरडले तिच्यावर. आधी का नाही सांगितलंस? ती शांतपणे म्हणाली, सांगितलं असतं तर तू त्याचंही तिकीट लावलं असतंस.

लावलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

लायलला गाडीत घातला आणि निघाले. माझ्या बहिणीकडे, विचिटा फॉल्सला. सुरुवातीला गाणं म्हणत होता. मग म्हणाला, मान मागे ओढतेय. जिल्ह्याची हद्द दिसली तेव्हा तो बोलायचा थांबला. मी बाजूला पाहिलं. सीटचा पट्टा लावलेलाच होता, पण लायल त्यात नव्हता. तो मागच्या काचेला चिकटला होता, पसरून, गावाच्या बाजूला. डोळे माझ्याकडे. रडत होता. दोन वर्षांत सोफ्यावर बसूनसुद्धा तो रडला नव्हता.

मी गाडी वळवली. काय करणार होते? जसजसं गाव जवळ आलं तसा तो पुन्हा गोळा होऊन पुढे आला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ब्लाउज भिजला.

२८ मार्च, शुक्रवार

प्रुएटना म्हटलं, पत्रा परत बसवा. आजच. ते म्हणाले, उद्या गावची जत्रा, लांबून बसगाड्या येतायत, सोमवारी बघू. आणि उद्या रेनकोट नको, फोटोंत फार वाईट दिसतात अशी तक्रार आहे. मी म्हटलं, पोरं भिजतील. ते म्हणाले, भिजू देत की, त्यासाठीच तर येतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं — त्यांना ठाऊक नाही, खरंच ठाऊक नाही. ते इथले नाहीत, डॅलसचे.

मिस हेस्टरच्या भावाचं वेल्डिंग मशीन आहे. उद्या सकाळी आणते म्हणाली. पण लायल?

तो टबात झोपलाय. बूच घट्ट लावलंय. मी बाजूला बसलेय, त्याचा हात — हात म्हणता येईल असं जे काही आहे — ते माझ्या हातात.

२९ मार्च, शनिवार

डोळा लागला माझा. टब रिकामा. बूच जागेवर आहे. खालची फरशी उचकटलेली.

खड्ड्यात त्याचे बूट.

नंतर

खड्ड्यातच आहे. पाइपावर पत्रा ठेवून त्यावर बसलेय. मिस हेस्टर मशीन आणायला गेलीय. वर बसगाड्या लागल्या, पोरांचा आवाज येतोय. प्रुएट कर्ण्यावरून सगळ्यांना रांगेत उभे करतायत. मी दार उघडू नका म्हणून ओरडले, तर लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग. टाळ्या वाजवल्या.

खालून लायल बोलतोय. रागावलेला नाही. म्हणतो, इथे सगळे आहेत, लबबॉकचे आजोबाही. तुझ्यासाठी जागा धरलीय. मी म्हटलं, लायल, मी तुझ्यावर झाकण बसवणार आहे. तो म्हणाला, बरं. पोरांसाठी ना? मग बसव. असं म्हणाला. माझा नवरा असाच होता, कारखाना बंद व्हायच्या आधी.

पत्र्याच्या कडेने काळं झिरपतंय. स्कर्ट ओला. गरम आहे, बरं वाटतंय — नाही, बरं नाही वाटत.

हेस्टर आली. मशीन चालू केलं. म्हणते, ऊठ पोरी, मला कडा दिसू दे.

उठता येत नाही.

पाय आहेत. दिसतायत. पण त्यांच्यात उभं राहण्यासारखं काही —

तिला म्हटलं, तशीच कर. माझ्यासकट. भोंगा व्हायच्या आत. ती रडतेय, कर म्हटलं ना, पोरं दारातून आत येतायत, रेनकोट नाहीत कुणाच्याच — कर —

हं. ठिणग्या. चारांतली एक कड झाली.

दुसरी. जळत नाही मला. फक्त जड वाटतंय खालून, लायल म्हणतो घाई नको, तो खालीच धरून ठेवतो पाणी, जेवढा वेळ जमेल तेवढा, तू हेस्टरला सांग तिसरी कड —

तिसरी —

भोंगा