दगड काढण्यापूर्वी आईची खुर्ची हलवून मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन निरीक्षक,
वाहन तपासणी कार्यालय.

विषय: जुन्या पिकअपला मागे डिस्क ब्रेक बसवताना हँडब्रेक निकामी झाल्याबाबत, तसेच एका खुर्चीबाबत.
संदर्भ: माझा मागील अर्ज व त्यावर आलेले आपले पत्र.

महोदय,

उताराच्या तळाशी शिवणकामाचे दुकान चालवणारी मी आपणांस पुन्हा त्रास देत आहे. उताराच्या माथ्यावर उभी असणारी पिकअप माझ्या धाकट्या भावाची आहे. सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज लिहिताना हात जड होतो, हे आधीच नमूद करते.

१. भावाने मागचे ड्रम ब्रेक काढून स्वतःच्या हाताने डिस्क ब्रेक बसवले. पाय दाबताच गाडी जागच्या जागी थांबते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र डिस्कला आवळून धरणाऱ्या, भंगारातून आणलेल्या कॅलिपरना हँडब्रेकची वायर जोडायची सोयच नव्हती. तेव्हा त्याने ती वायर गाडीच्या सांगाड्याला बांधून टाकली. लिव्हर ओढली की घट्ट लागते. चाकांना त्याचा पत्ताही नसतो. आपल्या सपाट आवारात लिव्हर ओढून पाहण्यात आली, घट्ट लागली आणि गाडी पास झाली.

२. तेव्हापासून गाडी गिअरमध्ये आणि चाकाखाली दगड लावून उभी असते. भावाचे म्हणणे, "ताई, नवे पॅड डिस्कला धरून बसलेत. दगड नुसता तुझ्या समाधानासाठी." ते पॅड आता घासून मोकळे झाले आहेत. मागच्या महिन्यात तो गिअर टाकायला विसरून खाली उतरला, तेव्हा दगड करकरत वीतभर सरकला. मशीन चालू असतानाही मला तो आवाज दुकानात ऐकू आला. त्या दिवसापासून माझी शिवण सरळ येत नाही.

३. मला अवदसा आठवली आणि मी आपल्याकडे अर्ज केला. आपले उत्तर आले की, तक्रार उताराची असल्याने तपासणी उतारावरच होईल. गुरुवारी सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चालकास खाली उतरवून व चाकाखालील दगड काढून हँडब्रेकची क्षमता पाहिली जाईल. ती क्षमता शून्य आहे, एवढेच तर मी लिहिले होते.

४. दुकानाच्या दारात आमची आई सकाळच्या उन्हाला खुर्ची टाकून काज-बटणे करत बसते. गुडघ्यांमुळे तिला उठवायला दोन माणसे लागतात. गुरुवारी आत बस म्हणून मी तिच्या हातापाया पडले. ती म्हणते, "पोराची परीक्षा आहे आणि मी खुर्ची उचलून आत जाऊ? लोक म्हणतील, आईचाच भरवसा नाही." वायर कुठे बांधली ते आईला तूच सांग, असे मी भावाला म्हटले. तो मान खाली घालून पाना पुसत राहिला. मला त्याचा राग येतो, आणि रागाहून जास्त भीती वाटते.

सबब मी माझी मूळ तक्रार मागे घेते. गाडी पास राहू द्यावी, हवे तर खोटी तक्रार केल्याचा ठपका माझ्यावर ठेवावा. तरीही तपासणी होणारच असेल, तर फक्त दारातील खुर्ची आत न्यावी, असा एका ओळीचा आदेश शिक्क्यानिशी द्यावा. शिक्क्याच्या कागदाचे आई ऐकते. आदेश न आल्यास मी माझे स्टूल तिच्या शेजारी टाकणार आहे. दगड काढण्यापूर्वी कृपया एकदा खाली पाहावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
उताराखालची शिवणवाली
सोमवार

सोबत: उतार, पिकअप, दगड व खाली खुर्चीत बसलेली आई, असा एक फोटो. (फोटो भावाने काढल्यामुळे आई हसत आहे.)