पहाडावर उचललेला भंडारा

जत, रविवार, ८ डिसेंबर. दिवेलागण.

उंब्रजचा तानाजी सुट्टीवर आलाय, आज भेटून गेला. काश्मिरात आम्ही एकाच चौकीवर होतो. चहा पिताना म्हणाला, "सुभेदारसाहेब, आपली चौकी उठवली."

कधी ठरलं, विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "तुमी पेन्शनवर यायच्या आधीच. तुमी त्या मेंढपाळाकडं गेला, मोठ्या साहेबांकडं ऑर्डर तवाच आलीवती."

तवाच. म्हणजे साहेबांनी मला त्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडं पाठवलं, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी धनगर, तोही मेंढरंवाला, माझं ऐकेल म्हणाले. त्यानं घुसखोरांची वाट दाखवायची, आम्ही त्याच्या वस्तीच्या राखणीला असलेली चौकी हलवायची नाही. नुसत्या शब्दावर तो तयार होईना, म्हणून मी बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली. त्याला भंडारा काय ठाऊक? पण त्यानं माझा पिवळा हात धरला आणि वाट दाखवली. सगळ्या वस्तीनं पाहिलं.

आधी कळलं असतं तर भंडारा उचलला असता का मी? न्हाई. पण हे आता सांगू कुणाला?

मघाशी बायको देव्हाऱ्यातला भंडारा लावायला आली. मी कपाळ पुढं केलं नाही. साहेब बदलून गेले, मी घरी आलो. म्हातारा तिथंच आहे.