तहकूब सभेच्या आदल्या दिवशी

आई, उद्या आपल्या गावात तहकूब ग्रामसभा आहे आणि सकाळपासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. भिवंडीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलेय. मागच्या गल्लीतले लूम चालू आहेत, खिडकी लावली तरी टेबल थरथरतं. समोर माझ्याच लेखाची प्रुफं आहेत, विषय ग्रामसभा आणि लोकशाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय, डोक्यात काही शिरत नाही.

तू गेल्यावर मी याच विषयात डॉक्टर झाले, हे तुला कुठून ठाऊक असणार? गावोगावच्या सभांना जाते, मागे बसते, कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं ते टिपते. पहिल्या सभेला ठरलेली संख्या भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला चार टाळकी जमली तरी ठराव पास, ही गोम मी मुलांना दरवर्षी शिकवते. शिकवताना तुझी आठवण येतेच.

तू पंचायतीत निवडून आली होतीस तेव्हाची गोष्ट. शाळेमागचं गुरचरण वीटभट्टीवाल्याला द्यायचा ठराव होता, म्हणजे भट्टीचा धूर थेट वर्गात, आणि सभा मुद्दाम शेजारच्या हळदीच्या दिवशी ठेवलेली. देवळात माणसं मोजकीच. ग्रामसेवक तहकुबी लिहायला घेतात आणि तू उठतेस. "थांबा वाईच, बाया आनतंय," म्हणत थेट हळदीच्या मांडवात शिरतेस, मी तुझ्या पदराला. "चला गो सगल्या! नवरीला हलद मंग लावा, पोरांची शाला चालली!" बाया आधी हसतात, मग उठतात. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीणसुद्धा गाणं अर्धं टाकून आली. ग्रामसेवकांना पुन्हा डोकी मोजावी लागली, आणि ठरावाविरुद्ध वर गेलेले ते पिवळे हात मला अजून दिसतात.

संध्याकाळी तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस, तेव्हा नवरीची आई दारात आली. "माझ्या पोरीच्या हलदीत इघीन आनलंस तू," एवढं बोलून गेली. तव्यावरची भाकरी करपली. मी काही विचारायला गेले तर माझ्यावरच खेकसलीस, "खा गुमान." त्या घराने आपल्याशी बोलणं टाकलं ते तू जाईपर्यंत. वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा पोरं पिवळ्या हातांना टाळ्या वाजवतात. हे पुढचं मी सांगत बसत नाही.

आता त्याच गुरचरणातून गोडाऊनचा रस्ता काढायचाय. कंटेनर शाळेच्या भिंतीला लागून वळणार. रस्ता संपतो तिथे धाकट्या भावाचा गाळा आहे. पहिल्या सभेला त्यानेच कुणाला येऊ दिलं नाही, हे मला गावातून कळलं. मी लग्न केलं नाही म्हणून माझं मत अजून गावातच आहे, ते तोही विसरलेला नाही. सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, कालेजात काय बोलायचं ते बोल. हितं नको. तू बोललीस तं मी गावात तोंड कसा दाखवू?"

"शाळेतली पोरं कुठून जातील रे?"

"निम्मी पोरां तं विंग्रजी शालेच्या बशीत जातान. कोन उरलाय तिथं?"

निम्मी उरली आहेत, असं मी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला. "भाऊबीजेला येशील ना?"

तो धमकावत होता की खरंच विचारत होता, मला कळेना. तू गेल्यापासून आपलं माणूस म्हणून मला तो एकटाच उरलाय. त्याच्या घरी पाटावर बसवून त्याला ओवाळते तेवढा एक दिवस मी कुणाची तरी असते. तुला त्या बाईच्या अबोल्याचं काय वाटलं, ते तू कधी सांगितलंच नाहीस. मीही कधी विचारलं नाही, आणि आज मला नेमकं तेच कळायला हवंय.

उद्या गावाकडे यायला पडघ्याची एसटी पकडणार आहे. काय बोलायचं तेही ठरलंय, आरशासमोर म्हणूनही पाहिलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, इथेच राहील, म्हणून तुला खरं सांगते. इतक्या सभा पाहिल्या, आपल्या गावच्याही, एकीतही मी हात वर केलेला नाही. आणि आत्ता मनात एकच घोकतेय, की उद्या एसटीला उशीर व्हावा आणि मी पोचायच्या आत सभा उरकलेली असावी.