ड्रायर थांबेपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवं मशीन आणि ड्रायर पोचले असतील. तुझ्या जुन्या जोडीला टॉवेल धुऊन वाळवायला तीन तास लागतात, हे ऐकून तुझ्या भावजयीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात आमच्याकडे दोनदा कपडे होतात! हा ड्रायर हुशार आहे, कपडे वाळले की आपणहून थांबतो. आता कोपऱ्यात झाकून ठेवू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

आई कशी आहे? परवा फोनवर तिनं मला विचारलं, कोण बोलतंय. फार लागलं गं.

लोभ आहेच, कान पिळण्यापुरता तरी राहू दे.

तुझा,
ढब्बू

११ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

फोनवर बोलले तर आई ऐकते, म्हणून लिहिते. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. वर्षभर आई मशीनसमोर खुर्ची टाकून बसते. आत कपडे फिरताहेत तोवर जागची हलत नाही; धुऊन झाले की सवयीनं ड्रायरमध्ये टाकते आणि पुन्हा बसते. तेवढ्यात मी चष्म्याच्या दुकानातली सकाळची पाळी उरकून येते. म्हणून तर रोज तेच जाड टॉवेल, धुतलेले असले तरी. सोबत तुझा कॉलेजातला पिवळा शर्ट. तो काचेतून दिसला की बाई खूश. तुला कळलं असतं तर तू वृद्धाश्रमाचं काढलं असतंस, आणि माझ्यात नाही म्हणायचं बळ नव्हतं.

मंगळवारी नव्या मशीननं टॉवेल असे पिळले, की सगळं मिळून सव्वा तासात आटोपलं. मी आले तर दार सताड उघडं आणि खुर्ची रिकामी. शेजारचे सुतार आणि मी तीन तास गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी बसथांब्यावर सापडली, अनवाणी. मांडीवर तुझ्या शर्टाची नीट घडी. पोराकडे वसतिगृहात घालायला काही नाही, वाळला तसा नेऊन देते, म्हणाली.

मी हरले रे. आता तू म्हणशील तसं.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. वृद्धाश्रमाचं मी काढलंच असतं, म्हणून तुझ्यावर रागवायलाही तोंड नाही. ती कुठेही जाणार नाही. शनिवारी महिन्याची रजा घेऊन येतोय. तू बिनघोर पाळीला जा, खुर्चीशेजारी मी बसेन. पुढचं दोघं मिळून ठरवू. जुनी जोडी भंगारात दिली नसलीस तर पुन्हा लाव.

लोभ मागायची लाज वाटते, तरी मागतो.

तुझा,
ढब्बू

ता. क. तो शर्ट आईजवळच असू दे. मला द्यायला निघाली होती ना, तिच्याच हातून घेईन. कोण म्हणून विचारलं तरी चालेल.